तापीकाठचा खेळ : डेमोच्या चाचणीच्या नोंदी

३० मार्च २०२५, जळगाव

पाडव्याच्या मुहूर्तावर आमच्या कॉम्प्युटर गेमच्या डेमोचं पहिलं धड बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी आवृत्ती, निघालं. न अडखळता खेळलं तर साधारण पंचवीस मिनिटांचं. पात्रनिवड, नदीकाठचं गाव, नावाडी, भुंग्यांच्या कोड्याचा दरवाजा आणि शेवटी टेकडीवरची डाकीण, म्हणजे डेमोतली एकमेव मोठी लढाई. इंजिन, म्हणजे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, गोडोट ४; त्यातला कम्पॅटिबिलिटी रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग). तो ओपनजीएलवर चालतो, म्हणजे साध्या मशीनलाही झेपतो, आणि आमच्या ओळखीतल्या बहुतेक लॅपटॉपांना वेगळं ग्राफिक कार्ड नाही.

खेळातलं राज्य काल्पनिक असलं तरी सांगाडा थाळनेरचा आहे. सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरचं तापीकाठचं गाव, पडका किल्ला, खानदेशच्या फारुकी सुलतानांचे मकबरे. खऱ्या इतिहासात १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकींचं राज्य संपलं. आमच्या जगात गड पडलाच नाही. कल्पनेला सुरुवात तिथून.

आम्ही तिघं: कोड लिहिणारा, चित्रं काढणारी आणि संवाद लिहिणारी मी. चाचण्या लावून द्यायचं कामही माझ्याकडेच आलंय. कोडवाल्याचं म्हणणं, खेळून झालं की प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेऊ. मी नको म्हटलं. आलेला पाहुणा भाजीला नावं ठेवत नाही, तसं फॉर्मवर सगळेच ‘छान आहे’ लिहिणार. त्यापेक्षा मागे बसायचं, गप्प राहायचं, हात कुठे जातो ते टिपायचं आणि प्रश्न नंतर विचारायचे.

लक्ष्य ऑक्टोबरचा स्टीम नेक्स्ट फेस्ट, म्हणजे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला डेमोंचा मेळा. तो वर्षातून तीनदा होतो, पण एका खेळाला एकदाच भाग घेता येतो. म्हणून घाई नाही, आणि आळसही नाही.

६ एप्रिल, जळगाव

कॉलेजची मुलं, माझ्याच घरी. सकाळच्या गटाचं सुरळीत चाललं. दुपारच्या गटाचं पहिलं मत एका शब्दात: ‘लॅग’, म्हणजे खेळ अडखळतोय. बिल्ड तेच आणि लॅपटॉपही तेच. पारा चाळिशीपार गेला, खोलीत कूलर असला तरी टेबलावर ऊन, आणि लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. ही तक्रार खेळाच्या खात्यात टाकायची की एप्रिलच्या, यावर कोडवाला आणि मी भांडलो. माझं मत: खेळाच्या. इथला खेळाडू एप्रिलातच खेळणार आहे, हिवाळ्याची वाट बघणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या मुलांचे हात बीजीएमआय या मोबाइल गेमवर बसलेत. डावा अंगठा आपोआप काचेवर गोल फिरायला बघतो. चालायला कीबोर्डवरची डब्ल्यू-ए-एस-डी बटणं सांगितल्यावर एकाने चारही बोटं बटणांवर नीट ठेवली आणि नंतर एकही हलवेना. घरातला जुना गेमपॅड दिला तेव्हा तोच मुलगा दोन मिनिटांत नदीपर्यंत पळाला. यापुढे चाचणीला गेमपॅड न्यायचाच.

तिसरी: तलवारीचा पहिला वार बसतो तेव्हा ठिणगी उडते, आणि नेमकं तेव्हाच चित्र क्षणभर गोठतं. ठिणगीचा शेडर (ती पडद्यावर रंगवणारा छोटा प्रोग्राम) तिथे पहिल्यांदा तयार होत असतो. खेळाडूला वाटतं बटण लागलंच नाही. तो पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो, आणि तलवार भलत्याच वेळी दोनदा फिरते. उपाय माहीत आहे: सुरुवातीच्या काळ्या पडद्यामागे सगळे इफेक्ट एकेकदा दाखवून घ्यायचे.

संवाद कुणी वाचले नाहीत. मजकूर उमटायला लागला की बटण, पुढचा, बटण. मी गप्प बसले. नियम माझाच आहे.

७ एप्रिल

संवाद का वाचले नाहीत, याचं एक कारण तरी सापडलं. मजकूर टंकल्यासारखा एकेक अक्षराने उमटतो. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत ‘मुक्ताई’ लिहिताना आधी ‘मुक’, मग पाय मोडलेला क, मग त्याचा एकदम ‘क्त’. ‘किल्ला’ तर आधी नुसता ‘क’ येतो आणि वेलांटी मागाहून डावीकडे घुसते, त्यामुळे आख्खी ओळ हलते. डोळा वैतागतो आणि बोट बटणाकडे जातं.

गोडोटच्या लेबलमध्ये यासाठी सोय आहे. दिसणारी अक्षरं शेपिंगच्या, म्हणजे जोडाक्षरं-वेलांट्या जुळवण्याच्या, आधी कापायची की नंतर, ते निवडता येतं. मुळात ‘आधी’ असतं, ते ‘नंतर’ केलं. आता जोडाक्षर जुळलेलंच येतं. गोडोट ३ मध्ये हे शेपिंगच नव्हतं, जोडाक्षरं फुटायची. त्यामानाने सुखात आहोत. फाँटही बदलला. आधीच्या फाँटचा ल आणि श हिंदी वळणाचा होता, तो चित्रवालीला पहिल्यापासून खुपत होता.

१३ एप्रिल, यावल

केळीबागायतदार काका, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांचा मुलगा खेळणार म्हणून मी गेले होते, पण बसले काका. गेमपॅड हातात घेतला आणि विचारलं, ‘मला जायचं कुठं?’ पडद्यावर लिहिलं होतं: नदीवर जा, नावाड्याला भेट. कोपऱ्यात नकाशाही होता.

काकांनी नकाशाकडे ढुंकून पाहिलं नाही. सूर्य कुठे आहे ते पाहिलं. खेळात संध्याकाळ होती, सूर्य डोंगरामागे टेकलेला. ते थांबले, म्हणाले, ‘हे काय, डोंगर मावळतीला?’ मग स्वतःशीच ठरवल्यासारखं सूर्याकडे चालायला लागले, कारण तापी मावळतीकडेच वाहते. चालत चालत डोंगराला जाऊन भिडले. ‘नदी कुठंय?’ नदी त्यांच्या पाठीशी होती.

यावलमध्ये जन्म काढलेल्या माणसाला सातपुडा उत्तरेला आणि तापी दक्षिणेला असते. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, ते पायात असतं. आमच्या चित्रवालीने डोंगर पश्चिमेला ठेवला होता, कारण कड्यामागचा सूर्यास्त भारी दिसतो. दिसतो खराच.

काका पुढे केळीच्या बागेत रमले, लढाईपर्यंत पोचलेच नाहीत. आमच्या खेळात घड तोडला की थोड्या वेळाने त्याच झाडाला परत घड लागतो. काकांनी तोडला, वाट पाहिली, परत घड आलेला पाहिला आणि मोठ्याने हसले. ‘एका खोडाला एकदाच घड. मग ते कापायचं, शेजारचं पिल वाढवायचं.’ त्यावरून पिलबाग, मृगबाग, कांदेबाग अशा केळीच्या बागांच्या प्रकारांवर अर्धा तास गेला. मी सगळं टिपलं. खेळात औषधासाठी वस्तू गोळा कराव्या लागतात, तिथे हे कामाचं आहे: घड तोडल्यावर खोड कापायचं की नुसतं सोडून जायचं, हे खेळाडूने ठरवावं. कापलं तर पिल लवकर वाढेल.

१४ एप्रिल

नकाशा फिरवण्यावरून वाद. कोडवाला म्हणाला, पुण्याच्या किंवा पोलंडच्या खेळाडूला काय फरक पडतो? काहीच नाही. पण फरक पडत नसेल तर खऱ्यासारखा ठेवायला काय हरकत आहे? चित्रवाली सूर्यास्त सोडायला तयार नव्हती. शेवटी तिनेच कागदावर काढून पाहिलं. डोंगर उत्तरेला, नदी पश्चिमेकडे वाहती ठेवली तर नावेत बसल्यावर सूर्य थेट पात्रात मावळतो, आणि सगळा उजेड पाण्यावर येतो. मग तिनेच दोन दिवस मागून घेतले.

३० एप्रिल, अमळनेर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मावशीकडे सगळ्या मावसबहिणी माहेरी आलेल्या, अंगणातल्या निंबाला झोका, आमरस आणि खापरावरचे मांडे. लॅपटॉप काढायला ही काही जागा नव्हे, पण खेळाडूंचा असा ताफा परत मिळणार नव्हता.

आमचा नावाडी अहिराणी बोलतो. ‘कथा जाई ऱ्हायना भाऊ?’ (कुठे चाललास भाऊ?) असं त्याचं पहिलं वाक्य. एक बहीण ते नावाड्याच्या आवाजात मोठ्याने वाचायला लागली, बाकीच्या खिदळत तिच्याभोवती जमल्या, आणि जळगावला एकानेही न वाचलेले संवाद इथे शेवटपर्यंत वाचले गेले. लिहिणारीला यापेक्षा काय हवं! पण खूश होताना भान ठेवलं. ऐकणारं माणूस शेजारी होतं म्हणून वाचणं झालं. रात्री एकटा खेळणारा कुणासाठी मोठ्याने वाचेल? (यावलच्या काकांनी नंतर फोनवर ऐकवलं की आमच्याकडे लेवा गणबोली चालते, नावाड्याचं ते तुमच्या अमळनेरकडचं. बरोबर आहे. नावाडी थाळनेरचा आहे, तो अहिराणीच बोलणार.)

सगळ्यात उपयोगाचं मत दिलं मावशीने. तिने गेमपॅडला हातही लावला नाही, मागे खाटेवर बसून हुकूम सोडत होती. पात्र नावेत बसलं तशी म्हणाली, ‘पैसे न ठरवता बसला? उतर आधी, विचार त्याला किती घेतो.’ तसा पर्यायच नव्हता. नाव फुकट होती, आम्ही कुणी त्याचा विचार केला नव्हता. आता नावाडी आधी भाव सांगेल, घासाघीस करता येईल, आणि चपळाईपेक्षा बोलण्यावर गुण खर्च केलेल्या पात्राला स्वस्तात पलीकडे जाता येईल. पात्रनिवडीत ‘वाणी’ हा गुण होताच, त्याला इतके दिवस काही काम नव्हतं.

पात्रनिवडीवर मात्र बहिणींनी अतोनात वेळ घालवला. कपडे, केस, टिकली. गाव पाहायच्या आधी निम्म्या जणी जेवायला उठल्या. पात्रनिवड नावेच्या प्रवासात ढकलायची, म्हणजे आधी हातपाय हलतील, मग आरसा.

११ मे, चाळीसगाव

इथला दिवस कोड्याचा. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. म्हणून आमच्या डेमोतला दरवाजा ‘लीलावती’तल्या गणिताने उघडतो. ते गणित ११५० चं: भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंच्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेत घोटाळत राहिला. तर एकूण किती?

एका निवृत्त गणित शिक्षकांनी मजकूर पुरता उमटायच्या आत ‘पंधरा’ म्हटलं आणि खुर्चीत मागे रेलले. त्यांचा आनंद बघण्यासारखा होता. त्यांनी खेळ तिथेच थांबवून मोडक्या बांबूचं गणितही आम्हाला घातलं: बत्तीस हात उंच बांबू मोडला, शेंडा बुडापासून सोळा हातांवर टेकला, तर किती उंचीवर मोडला? (बारा.) ते पुढच्या दरवाजासाठी राखून ठेवलंय.

त्यांच्या शेजारच्या मुलांनी काय केलं? आधी दरवाजावर तलवार चालवली. मग पेटारे शोधले. मग आकड्यांची चक्री एकापासून फिरवत पंधरावर आणली. दार उघडलं, आणि भुंगे होते हेच त्यांना माहीत नव्हतं. खेळ संपल्यावर सगळ्यांनी सांगितलं, ‘कोडं भारी होतं.’

तर आता कोडं भिंतीवर लिहिलेलं नसेल. दाराशी कदंब असेल, त्यावर तीन भुंगे बसलेले दिसतील. बाकी झाडं धुक्यात. तीन हा पाचवा भाग, एवढं कळलं तरी पुरे. चक्री फिरवून बघणाऱ्यालाही वाट ठेवायची, पण चुकीच्या प्रत्येक आकड्याला भुंगे डसतील.

२२ जून, शहादा

शाळा सुरू झाल्यावर इथल्या एका वसतिगृहात गेलो. धडगाव, अक्कलकुव्याकडची मुलं. संगणकाची सवय बेताची, पण गेमपॅड हातात आल्यावर नवं बिल्ड कुणालाच अडलं नाही. नदी सापडली, नावाड्याशी घासाघीस तर इथे सगळ्यात जास्त झाली.

मग अकरावीतला एक पावरा आदिवासी मुलगा टेकडीवर पोचला. गावच्या पाटलाने त्याला तलवार दिलेली, कामाच्या यादीत ‘टेकडीवरच्या डाकिणीला संपव’ असं लिहिलेलं. झोपडीतून ती बाहेर आली. मोकळे केस, हातात दिवा, डोक्यावर लाल पट्टी, म्हणजे तिची शिल्लक ताकद. त्याने गेमपॅड टेबलावर ठेवला. आम्हाला वाटलं बटणं कळली नाहीत. मी नियम मोडून विचारलं, ‘काय झालं?’

‘ताई, आमच्याकडे खरंच मारतात.’

एवढंच बोलला. मग दुसऱ्या मुलाने सांगितलं: गावात कुणाचं लेकरू तापाने गेलं, कुणाच्या शेळ्या मेल्या, की कुणीतरी एखाद्या बाईचं नाव घेतं. बहुतेक वेळा एकटी, म्हातारी, थोडी जमीन असलेली. मग मारहाण, गावाबाहेर काढणं. सगळ्या मुलांना अशी एखादी गोष्ट माहीत होती. कुणी रंगवून सांगत नव्हतं.

२४ जून, जळगाव

बराच वेळ बोललो. कोडवाल्याचं म्हणणं: या प्रकारच्या खेळांत चेटकीण असतेच, पात्र घडवून खेळायच्या १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून हेच चालत आलंय, हा शेवटी खेळ आहे. चित्रवाली काही बोलत नव्हती, तिने त्या बाईवर सगळ्यात जास्त काम केलंय.

माझं म्हणणं असं की परदेशी चेटकीण तशीच ठेवली असती तर ती नुसती शिळी वाटली असती. आम्ही तिला इथली करायला गेलो आणि डाकीण म्हटलं. सातपुड्यात तो जिवंत बाईवरचा आरोप आहे. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि एखाद्या बाईला असं ठरवून छळणं हा त्यात गुन्हा आहे. आमच्या खेळात मात्र ते बक्षिसाचं काम होतं.

तिला काढून तिथे लांडगा ठेवायचा, हा सोपा मार्ग. चित्रवाली त्यावर पहिल्यांदा बोलली: बाई राहू दे, लाल पट्टी काढ. पाटील पाठवतो तसा पाठवू दे. तिच्या दारात गेल्यावर काय दिसतं ते मी काढते. वाळत घातलेली मोहाची फुलं, एक खाट, एक शेळी.

मग ज्यांचा आळ तिच्यावर येतो त्या शेळ्या खेळात खरं तर कशाने मरतात हे ठरवणं आलं. यावलच्या काकांना फोन केला. ते लगेच म्हणाले, कोवळी ज्वारी. पाण्याचा ताण बसलेली पोटरीआधीची ज्वारी जनावराने खाल्ली की त्यातल्या सायनाइडसारख्या विषाने ते बघता बघता दगावतं. शेतकऱ्याला माहीत असतं, पण मेलेलं जनावर समोर असताना कुणाला आठवतं असं नाही. खेळात टेकडीखाली ज्वारीचा पट्टा आधीपासून होता, निव्वळ शोभेला.

२० जुलै, धुळे आणि शहादा

नवं बिल्ड. लाल पट्टी नाही, टेकडीवरची बाई हल्ला करत नाही, दारात उभी राहून ‘पाणी देऊ का?’ विचारते.

तरी धुळ्यातल्या बहुतेक मुलांनी तलवार चालवली. चिडून नाही, विचार करूनही नाही. पाटलाने तलवार दिली, यादीत काम लिहिलं, त्याआधी वाटेत तीन लांडगे मारून झाले होते. वीस मिनिटं आम्हीच त्यांच्या बोटांना शिकवत होतो की समोर काही आलं की हे बटण. या बिल्डमध्ये वाराचा तिच्यावर परिणाम होत नव्हता. त्यावर मत आलं: ‘हिट लागत नाहीये, बग आहे.’ एकाने तर तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सलग वार केले आणि मग आमच्याकडे वळून गेमपॅड खराब आहे का विचारलं.

शहाद्याचा तो मुलगा पुन्हा बसला. तो टेकडीवर जायच्या आधी तलवार म्यान करायचं बटण शोधत होता. ते नव्हतंच. पाणी प्यायला, खाली उतरला, ज्वारीत मेलेली शेळी पाहिली, आणि मग पाटलाकडे परत गेला. त्याला पाटलाला ज्वारीपाशी आणून दाखवायचं होतं. पाटील जागचा हलत नाही, तो फक्त तलवार देण्यासाठी बनवलाय. मुलगा म्हणाला, ‘मी एकट्याने सांगून कोण ऐकणार? त्याला आणलं पाहिजे.’

२१ जुलै

ठरलं. वार लागेल. मारायचं असेल त्याने मारावं, खेळ अडवणार नाही आणि भाषणही देणार नाही. गाव खूश होईल, बक्षीस मिळेल. मग रात्र जाईल आणि सकाळी आणखी एक शेळी मेलेली असेल. डेमो तिथे संपेल. न मारणाऱ्याचा डेमोही त्याच सकाळी संपेल, फक्त त्याला पाटलाला सोबत घेऊन ज्वारीपर्यंत चालता येईल. म्यान करायचं बटण आजच घातलं.

वाटेतले लांडगे तीनवरून एकावर आणले. तोही हाकलला तरी पळतो.

५ ऑगस्ट, धुळे

रविवारी कानबाई (खानदेशातली देवी) बसल्या, काल विसर्जन. आजच्या खेळाडूंमध्ये रोट खाऊन सुस्तावलेले बरेच होते. त्यांच्यातल्या एकाने बाईला मारलं, बक्षीस घेतलं, सकाळची शेळी पाहिली आणि म्हणाला, ‘अरे, मग हिने नव्हतं केलं.’ मागे जाता येतं का विचारलं. डेमोत सेव्ह नाही. त्याने कुणी न सांगता पहिल्यापासून खेळायला घेतला, नावाड्याशी घासाघीससुद्धा पुन्हा केली. असं पहिल्यांदाच झालं.

त्याच्या मित्राने बाईला मारलं, शेळी पाहिली, ‘पुढे काय?’ विचारलं आणि चहाला गेला. तेही टिपलंय.

ऑक्टोबरआधी उरलेलं: पाटील चालताना ज्वारीच्या बांधाला अडकतो. भुंगे डसल्याचा आवाज नाही. नकाशा कोपऱ्यातून काढून टाकायचा का, यावर कोडवाला अजून हो म्हणत नाही. पुढची चाचणी गणपतीनंतर नंदुरबारला, गेमपॅड दोन न्यायचे.

माझ्याकडे राहिलं गावकऱ्यांचं कौतुक. मारून आलेल्याला गाव जे बोलतं ते सध्या अगदीच कोरडं आहे, ‘गाव तुझं ऋणी आहे’ वगैरे. ते इतकं गोड हवं की सकाळपर्यंत शंका येऊ नये. पंगत बसवते. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, आणि पाटील स्वतः वाढायला.